मावळची मजालस

पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा गजापूरच्या घोडखिंडीत शत्रूला अडवून उभे राहिलेले लोक भोरच्या मातीतले होते. बाजीप्रभू देशपांडे शिंद गावचे. त्यांच्याबरोबर लढले ते हिरडस मावळच्या बांदलांचे मावळे. तो दिवस १३ जुलै १६६०. त्यानंतर ३६४ वर्षांनी, १४ जुलै २०२४ रोजी, त्याच गजापुरात जमावाने मुस्लिम वाडीतली घरे आणि मशीद फोडली. निमित्त होते विशाळगडावरच्या अतिक्रमणांचे, पण फोडलेली घरे गडावरची नव्हती, गडाच्या वाटेवरच्या गावातली होती. ज्या खिंडीचे नाव भोर तालुक्यात आजही आदराने मान लववून घेतले जाते, त्या खिंडीच्या गावी हे घडले. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांनी (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) ही बातमी दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून वाचून सोडू नये, असे मला वाटते. इथली शांतता जुनी आहे. पण ती माणसांच्या स्वभावातून आलेली नाही. ती एका रितीतून आली, ती रीत इथल्याच माणसांनी घडवली होती, आणि ती मोडली तरी शांतता टिकेल असे मानायला इतिहासात आधार नाही.

मावळी माणूस मुळातच साधा आणि सलोख्याचा, असे आपण म्हणतो. कागद तसे सांगत नाहीत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सह्याद्रीची ही खोरी रक्ताने भिजलेली होती. भांडण धर्माचे नव्हते, वतनाचे होते. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात सिलीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. देशमुखीचा हक्क, शिवेचा दगड, लग्नातला मान, यांवरून खून पडत आणि एका खुनाचा वचपा दुसऱ्या पिढीत निघे. जेधे करीन्यातली, म्हणजे त्या घराण्याच्या जुन्या कैफियतीतली, हकीकत अशी की, कान्होजी जेधे तान्हे असताना त्यांच्या वडिलांना भावकीनेच मारले, आणि देवजी महाल्याने त्या पोराला वाचवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आसऱ्याला नेले. तोच कान्होजी मोठा झाल्यावर बांदलांशी लढला. या भांडणांत माणूस काय करतो हे कोणी विचारत नसे, तो कोणाचा हे विचारले जाई. जेध्याचा म्हटले की बांदलाच्या तावडीत सापडल्यावर त्याची धडगत नसे, मग त्याने आयुष्यात कधी तलवार धरलेली असो वा नसो. आजच्या दंगलीचा गाभाही नेमका हाच आहे, म्हणून ही जुनी भाऊबंदकी इथे आठवायची.

हे थांबवायला मावळाकडे एक साधन होते, गोतसभा. वाद निघाला की देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बारा बलुते एकत्र बसत. सरकारचा अधिकारी बसे, कसब्याचा काजी बसे. या बैठकीला मजालस म्हणत आणि तिथे हजर असलेल्यांची यादी निवाड्याच्या आधी लिहिली जाई. त्या निवाड्याला महजर म्हणत. असा एखादा महजर डोळ्यांपुढे आणावा. वर साल लिहिलेले असते ते अरबी शब्दांत: तिसा खमसैन अलफ, म्हणजे शुहूर सन १०५९, इसवी सनाची १६५८-५९. खाली मोडी अक्षरांत नावांमागून नावे. आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या नावाशेजारी त्यांच्या कामाची निशाणी: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. त्या यादीत मुलाणीही असे, कारण तो गावगाड्याचा भाग होता. जत्रेचे बकरे कापण्याचा मान त्याचा, आणि त्याने कापलेले सगळ्या गावाला चाले. मजालस, महजर, हाजिर, वतन, गोही हे शब्दच अरबी-फारशीतून आलेले. त्या शब्दांनी कारीच्या मराठ्याला आपल्या हक्काचा कागद मिळे.

या रितीतली सर्वांत मोलाची गोष्ट निवाड्याच्या आधी येते. सुनावणी सुरू होण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी दोघांकडून लिहून घेतले जाई की, ही सभा आम्हाला मान्य आहे आणि ती जे सांगेल ते आम्ही पाळू. त्या कागदाला राजीनामा म्हणत. आज राजीनामा म्हणजे पद सोडणे. तेव्हा त्याचा अर्थ होता राजी असल्याचे लिहून देणे. मग दोघांनी जामीन द्यायचे, साक्षी व्हायच्या, आणि जो हरेल त्याने आपण हरलो असे स्वतःच्या नावाने लिहून द्यायचे. त्याला येजितखत म्हणत. या पद्धतीत ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो समोर बसलेला असावा लागे. त्याच्या पाठीमागे झालेल्या निवाड्याला किंमत नव्हती. कुळाकुळांतले वैर या पद्धतीने दोन नावांमधला खटला बनवले, आणि खटला संपतो, वैर संपत नाही, हा फरक त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या खोऱ्याला चांगला कळला होता.

स्वराज्याच्या स्थापनेने या रितीला दोन गोष्टी जोडल्या. दोन्हींचे दाखले भोरच्याच परिसरातले आहेत. १६५९ मध्ये अफझलखान वाईला आला तेव्हा विजापूरचे फर्मान कान्होजी जेध्यांना आले होते: खानाला मिळा. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. खान पडल्यावर खंडोजींच्या जिवासाठी रदबदली झाली. जीव वाचला, पण त्यांचा एक हात आणि एक पाय तोडण्यात आला. आजच्या नजरेला ही शिक्षा क्रूर आहे आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच की, शिक्षा खंडोजींना झाली, खोपड्यांना नाही. उत्रौली पेटवली गेली नाही. खोपडे आडनाव आजही त्या भागात नांदते आहे. दुसरा दाखला त्याच घोडखिंडीच्या, म्हणजे पावनखिंडीच्या, लढाईनंतरचा. बांदलांनी एवढे रक्त सांडल्यावर दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान त्यांना द्यावा असे महाराजांच्या मनात आले. तो मान होता जेध्यांचा, आणि बांदल हे जेध्यांचे जुने वैरी. जेधे करीना सांगतो की कान्होजींनी तो मान सोडला. ज्या मानापानावरून दोन पिढ्या मुडदे पडले, तोच मान वैऱ्याच्या हाती राजीखुशीने दिला गेला. हिरडस मावळ आणि रोहिडखोरे यांच्यात तह झाला तो असा.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे. कोणी म्हणेल, वतनाच्या भांडणाचे उदाहरण धर्माच्या भांडणाला कशाला लावता? अफझलखानाने तुळजापूरच्या भवानीला आणि पंढरपूरला उपद्रव दिला, हे मराठी साधने सांगतात. ते झाकून ठेवायचे का? मुळीच नाही. ते सांगावे आणि पूर्ण सांगावे. पूर्ण सांगायचे तर दोन्ही बाजूंची नावे घ्यावी लागतील. खानाच्या छावणीत खोपडे होते, महाराजांच्या भावकीतले मंबाजी भोसले होते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांबरोबर भेटीला निवडलेल्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. पायदळाची सरनोबती काही काळ नूर बेगाकडे होती, आरमारात दौलतखान होता, फारसी पत्रव्यवहाराला काझी हैदर होता. सभासद बखर लिहिणारे कृष्णाजी अनंत हे महाराजांच्या दरबारातले. महाराजांनी देवस्थानांबरोबर पीर आणि मशिदींची दिवाबत्ती, नैवेद्य चालू ठेवल्याचे त्यांनी नोंदवले आहे. खाफीखान तर मोगलांच्या बाजूचा आणि महाराजांना शिव्या देणारा इतिहासकार. तोही कबूल करतो की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना त्यांनी हात लावू दिला नाही. मित्राची आणि शत्रूची साक्ष एकाच ठिकाणी येते तेव्हा ती मान्य करावी लागते. १६५९ ची लढाई राज्याची होती, तिच्यात धर्माचा अपमानही होता, पण तिची फळी धर्मावर आखलेली नव्हती. ती धर्मावर आखून सांगितली की काय होते ते सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेने पाहिले. गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून वाद पेटला आणि दंगल सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. चित्रातली माणसे साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेली. फुटलेली दुकाने त्या वर्षीची होती.

दुसरी हरकत अधिक प्रामाणिक आहे, आणि ती भोर-वेल्ह्यातले लोक मनापासून घेतात: आमच्याकडे असे काही होत नाही. पुण्याहून इकडे येताना खेड शिवापूरला कमरअली दरवेशांचा दर्गा लागतो. तिथे अकरा जण एकेका बोटाने जड दगड उचलतात, आणि त्या अकरांत कोण कोणत्या जातीचा हे कोणी विचारत नाही. असे दृश्य रोजचे असताना भीती कशाची? उत्तर दोन वर्षांतून मिळते: १८९४ आणि १९४८. एकोणिसाव्या शतकात पुणे आणि आसपासच्या गावांत मोहरमचे ताबूत हिंदूही बसवत, त्यांपुढे नाचत, नवस फेडत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या हिंदूंनी मोहरमकडे पाठ फिरवली, मशिदीसमोरच्या वाजंत्रीवरून पुण्यात मारामारी झाली, आणि डोंगरापलीकडच्या वाईतही वाद्यांवरून खटले उभे राहिले. पिढ्यानपिढ्यांची रीत मोडायला एक वर्ष पुरले. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ ला गांधीहत्या झाली, मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळले, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात काही दिवसांत ब्राह्मणांची शेकडो घरे जळली. जाळणारे आणि ज्यांची घरे जळली ते, दोघे एकाच मुलखाचे, एकाच देवाचे, एकाच भाषेचे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्याच दिवसांवर आहे, आणि ते नाव नेमके आहे: वावटळ येण्याआधी आकाश स्वच्छच असते. १६९७ पासून चाललेले पंतसचिवांचे भोर संस्थान त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ८ मार्च १९४८ रोजी, मुंबई प्रांतात विलीन झाले. शेजारच्या जिल्ह्यात तेव्हा काय झाले होते हे इथल्या जुन्या पिढीला पक्के ठाऊक होते. ते पुढच्या पिढीला सांगितले गेले नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीलाच आपण शांतता समजू लागलो.

अलीकडच्या घटनांत एक बदल दिसतो. पूर्वी दंगल म्हटले की भिवंडी, मालेगाव, मुंबई अशी शहरांची नावे येत. आता गावांची येतात. १० सप्टेंबर २०२३ ला साताऱ्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव जमला, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. मे २०२५ मध्ये वेल्ह्याच्या शेजारच्या मुळशी तालुक्यात, पौडच्या मंदिरातल्या मूर्तीची विटंबना झाली. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या काही गावांनी ठराव केले की शुक्रवारच्या नमाजाला बाहेरगावच्या मुसलमानांनी येऊ नये. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १ ऑगस्ट २०२५ ला दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये पुन्हा एका मजकुरावरून जाळपोळ झाली. मूर्तीची विटंबना हा गुन्हा आहे आणि ज्याने केला त्याला कायद्याने शिक्षा व्हायलाच हवी. आक्षेपार्ह मजकुराचेही तसेच. पण तिन्ही ठिकाणी पुढे जे घडले ते पाहा. कोणी केले, हा प्रश्न पोलिसांकडे राहिला. गावात विचारला गेला तो जुनाच प्रश्न: कोणाचा? एकाच्या मोबाइलवरचा मजकूर आणि दुसऱ्याची बेकरी यांचा संबंध काय, तर नावाचा. जेध्याचा म्हणून मारायचे, बांदलाचा म्हणून मारायचे, तोच हा हिशेब. गोतसभेने जे कुळाकडून माणसापर्यंत आणले होते ते पुन्हा माणसाकडून कुळापर्यंत गेले.

तिसरी हरकत अशी की दंगल करणारे बाहेरचे असतात, गाव निर्दोष असते. यात तथ्य आहे. गजापुरातही जमाव बाहेरून आला होता. पण बाहेरून आलेल्याला वाडीतले कोणते घर कोणाचे हे ठाऊक नसते. ते कोणीतरी दाखवावे लागते, किंवा कोणीही अडवलेले नसावे लागते. आणि बाहेरचे आता दोन्ही बाजूंनी आले आहेत. महामार्ग रुंद झाला, शिरवळला कारखाने आले, राजगड आणि तोरण्यावर शनिवार-रविवारी गर्दी होते, जमिनी विकल्या गेल्या, रस्त्याला दुकाने, भंगारची गोदामे, बेकऱ्या उभ्या राहिल्या. तिथे काम करणारा तरुण उत्तर प्रदेशातला असतो. तो कोणत्याही गावाच्या यादीत नसतो, त्याचा जामीन कोणी नसतो. इकडे इथली तरणी पोरे मुंबई-पुण्यात, आणि गावात उरलेल्यांच्या हातात फोन. ज्या मुलाण्याला अख्खे गाव नावाने ओळखत होते आणि ज्या नवख्या कामगाराला कोणीच ओळखत नाही, ते दोघे एका अफवेने एकाच रांगेत उभे केले जातात. धोका नेमका इथे आहे.

गोतसभेचे गोडवे गाणाऱ्याला आणखी एक उत्तर द्यावे लागते. ती सभा समतेची नव्हती. महाराची साक्ष शिवेच्या वादात निर्णायक असे, पण त्याला बसायची जागा वेगळी असे. बाई तिथे क्वचितच दिसे. पुरावा अपुरा पडला की दिव्य करायला लावत, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला सांगत. यातले काहीही परत आणायचे नाही. आपले संविधान आणि न्यायालये त्याहून फार पुढे आहेत. घ्यायचे ते एवढेच: वाद पेटण्याआधी ठरलेली बैठक, तिच्यात सगळ्यांची नावे, आणि ज्याच्याबद्दल बोलायचे त्याची हजेरी. मुळशीतल्या त्या ठरावांत आणि महजरात हाच फरक आहे. ठराव ज्यांच्याबद्दल झाला ते तिथे नव्हते. मावळच्या जुन्या रितीने पाहिले तर असा कागद निवाडा ठरला नसता. त्याला राजीनामाच नव्हता.

हे आजच्या काळात जमते का? जमले आहे. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडीत भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांची माणसे, वस्तीवार, पोलिसांसह, नियमाने भेटणारी. काम अगदी साधे होते: गटार, पाणी, नळावरची भांडणे. पण त्यातून एकमेकांची नावे आणि घरे माहीत झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना, जवळच असलेली आणि सर्वांत धोक्याची समजली जाणारी भिवंडी शांत राहिली. चार वर्षांच्या बैठकांनी हे केले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समित्या भोर-वेल्ह्याच्या गावांतही झाल्या. कल्पना अस्सल मावळी होती. पण बक्षीस मिळाले, कमान उभी राहिली, की बहुतेक गावांत समितीची बैठक फक्त कागदावर उरते. समिती आहे आणि बसत नाही, ही अवस्था समिती नसण्याहून वाईट, कारण ती असल्याचा भरवसा असतो.

शेवटची हरकत मला सर्वांत जास्त ऐकू येते: असे विषय काढूच नयेत, बोलल्याने पेटते. बोलल्याने पेटत असते तर वतनांचे वाद मजालशीत मिटले नसते, तिथे तर तासन् तास बोलण्याशिवाय दुसरे काही नव्हते. पेटते ते एकट्याने बोलल्याने, समोर दुसरा नसताना बोलल्याने. म्हणून भोर आणि राजगड तालुक्यांतल्या गावांना एवढीच विनंती आहे. तंटामुक्तीची समिती पुन्हा बसवा, आणि काही घडण्याआधी बसवा. तिच्यात मुलाण्याचे नाव घ्या, महामार्गावर दुकान टाकलेल्या परगावच्या माणसाचे घ्या, बाईचे घ्या, ज्यांना पूर्वी बाजूला बसवले त्यांचे घ्या. गणेशोत्सव, मोहरम, जत्रा यांच्या आधी एक बैठक ठेवा. शाळेत पोरांना अफझलखान सांगताना सिद्दी इब्राहिमही सांगा आणि खंडोजी खोपडेही सांगा. एखाद्याने गुन्हा केला तर त्याचे नाव घ्या, त्याच्या आडनावाचे नको. आणि मानाचा प्रश्न आलाच, तर कारीच्या जेध्यांनी तो कसा सोडवला हे आठवा. त्यांनी तलवारीचे पहिले पान बांदलांना दिले. त्याने जेध्यांचा मान उणावला असे त्या खोऱ्यात आजवर कोणी म्हटलेले नाही.